एक दिवसाचा रसाहार आणि वर्षभराचे तेल

रसाहार, म्हणजे जेवणाऐवजी फक्त रस आणि पातळ पदार्थांवर राहण्याचा उपवास, करावा की नाही, असे मला कोणी विचारले की मी आधी उलट प्रश्न करते: तुमच्या घरी महिन्याला तेल किती लागते? बहुतेकांना याचे उत्तर पटकन देता येत नाही. रसाहाराचे दिवस मात्र सगळ्यांना तोंडपाठ असतात, कोणी तीन दिवस केलेला असतो, कोणी सात. माझे म्हणणे एवढेच आहे की रसाहार हा आहारातला एक विराम आहे आणि तो विराम संपल्यावर ताटात कोणते तेल, किती आणि कशा रूपात परत येते, यावरच पुढची प्रकृती ठरते. म्हणून या लेखात दोन्ही गोष्टींची कृती एकत्र सांगते.

दहा वर्षांपूर्वी मी एका केंद्रात सात दिवसांचा रसाहार केला होता. त्या काळात माझे वजन साडेतीन किलोंनी उतरले आणि मला फार आनंद झाला. पाचव्या दिवशी पहाटे खाटेवरून उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि भिंतीला धरून मी खाली बसले. मी रक्तदाबाची गोळी घेते का, हे तिथे कोणी विचारले नव्हते आणि ती सांगायला हवी, हे मलाही उमगले नव्हते. उपाशीपोटी रक्तदाब आधीच उतरतो, त्यात गोळीचा डोस तोच राहिला तर असे होणारच. घरी परतल्यावर पंधरा दिवसांत त्या साडेतीन किलोंपैकी तीन किलो परत आले.

ते का परत आले, हे समजून घेतले म्हणजे रसाहाराकडून किती अपेक्षा ठेवावी, हेही कळते. आपल्या यकृतात सुमारे १०० ग्रॅम आणि स्नायूंत साधारण ४०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर असते आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलेले असते. खाणे एकदम कमी केले की पहिल्या दोन-तीन दिवसांत हा साठा वापरला जातो आणि त्याच्यासोबतचे पाणी लघवीवाटे निघून जाते. काट्यावर जी घट दिसते, ती बहुतांशी या पाण्याची असते. त्यापुढे उपवास लांबला तर चरबी वितळतेच, पण रसात प्रथिने जवळजवळ नसल्यामुळे स्नायूही झिजतात. शरीरातली ‘विषद्रव्ये’ रसाने धुऊन निघतात, हा समज तर मनातून काढूनच टाकावा. ते काम यकृत आणि मूत्रपिंडे रात्रंदिवस करीत असतात आणि त्यासाठी त्यांना गाजराच्या रसाची वाट पाहावी लागत नाही.

मग रसाहार करावाच कशासाठी? माझ्या मते, सवय मोडण्यासाठी. दिवसातून चार वेळा साखरेचा चहा, त्याबरोबर खारी किंवा फरसाण, रात्री उशिराचे जेवण, या साखळीतली एक कडी एका दिवसासाठी तुटते, जिभेला भाजीची मूळ चव कळते आणि भूक कोणती व चाळा कोणता, हे ओळखू येते. आपल्याकडे लंघनाची परंपरा जुनीच आहे. महात्मा गांधींनी १९४६ साली पुण्याजवळ उरुळीकांचन येथे निसर्गोपचार आश्रम सुरू केला. जर्मनीत ऑटो बुखिंगर या डॉक्टरांनी रूढ केलेल्या उपवासपद्धतीतही भाज्यांचे कढण आणि थोडा फळांचा रस मिळून दिवसाला जेमतेम अडीचशे कॅलरी दिल्या जातात. मात्र तिथे तो उपवास डॉक्टरांच्या नजरेखाली होतो, ही गोष्ट आपण नक्कल करताना हमखास विसरतो.

कोणी करू नये

मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांनी आपल्या मनाने रसाहार करू नये, कारण साखर एकाएकी उतरून बेशुद्धी येऊ शकते. मधुमेहावरच्याच डॅपाग्लिफ्लोझिनच्या गटातील गोळ्या चालू असताना उपाशी राहिल्यास रक्तात कीटोन, म्हणजे चरबी जळताना तयार होणारी आम्लधर्मी द्रव्ये, साठून आम्लता वाढण्याचा धोका असतो आणि त्या वेळी रक्तातली साखर फारशी वाढलेली नसल्यामुळे तो लवकर लक्षातही येत नाही. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना भाज्या-फळांच्या रसातील पोटॅशियम झेपत नाही. पालक आणि बीट यांच्या रसात ऑक्झलेट हे मूतखडे बनवणारे द्रव्य भरपूर असते, त्यामुळे मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी त्यापासून दूर राहावे. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफेरिन घेणाऱ्यांनी पालेभाज्यांचे रस एकदम वाढवले तर त्यांतील ‘के’ जीवनसत्त्वामुळे औषधाचा परिणाम कमी होतो. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, अठरा वर्षांखालील मुले, अशक्त वृद्ध माणसे, पित्तखडे असलेले रुग्ण आणि ज्यांचे खाण्याशी असलेले नाते पूर्वी कधी बिघडलेले आहे असे लोक, या सर्वांनीही हा प्रयोग टाळावा. रक्तदाबाची गोळी, विशेषतः लघवी जास्त होणारी गोळी चालू असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. मी विचारले नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

एका दिवसाची कृती

दिवस एकच ठेवावा आणि तो सुटीचा निवडावा. आधीचे तीन दिवस चहा-कॉफी हळूहळू अर्ध्यावर आणावी, नाहीतर दुपारपर्यंत डोके ठणकू लागते आणि लोक त्यालाच ‘शरीर शुद्ध होत असल्याची खूण’ समजतात. प्रत्यक्षात ती कॅफीनची ओढ असते.

रस मुख्यतः भाज्यांचा असावा आणि फळ चवीपुरते, म्हणजे तीन भाग भाजीला एक भाग फळ. कारण सरळ आहे. पाव लिटर संत्र्याच्या रसात सुमारे वीस ग्रॅम साखर असते, म्हणजे लहान चमच्याने पाच चमचे, आणि चोथा गाळून टाकल्यामुळे ती रक्तात झपाट्याने उतरते. जागतिक आरोग्य संघटना फळांच्या रसातील साखर ही वरून घातलेल्या साखरेच्याच वर्गात धरते आणि दोन हजार कॅलरींच्या आहारात तिचे प्रमाण ५० ग्रॅमच्या आत, जमल्यास २५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते. दिवसभर मोसंबीचा रस पीत राहणारा माणूस उपवास करीत नसून साखर पीत असतो. म्हणून रस शक्यतो गाळूच नये. मिक्सरमधून काढून पाणी घालून पातळ करावा आणि चोथ्यासकट घ्यावा.

सकाळी उठल्यावर कोमट पाण्यात लिंबू आणि चिमूटभर मीठ घ्यावे. आठच्या सुमारास कोहळा किंवा काकडीचा रस आले-पुदिना घालून घ्यावा. अकरा वाजता गाजर, एक आवळा आणि बिटाचा लहान तुकडा यांचा रस घ्यावा. दुपारी एकला वाटीभर गरम मुगाचे कढण जिरे-मीठ घालून घ्यावे, शुद्ध रसाहार सांगणाऱ्यांना ते चालणार नाही, पण मला त्यातली प्रथिने हवी आहेत. चार वाजता पातळ ताक किंवा शहाळ्याचे पाणी आणि सातला टोमॅटो-दुधीचे सार. याशिवाय दिवसभर तहानेप्रमाणे साधे पाणी प्यावे. रस काढल्यावर लगेच संपवावा, बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवू नये, आणि रस्त्यावरचा बर्फ घातलेला रस या दिवशी तरी घेऊ नये.

दुधीच्या बाबतीत मी थोडी जास्त आग्रही आहे. दुधी चिरण्याआधी देठाकडचा आणि टोकाकडचा एकेक पातळ काप काढावा, जिभेच्या टोकावर ठेवावा आणि चावून पाहावा. किंचितही कडू लागला तर तो थुंकावा, चूळ भरावी आणि अख्खा दुधी टाकून द्यावा. कडू दुधीत कुकुरबिटासिन नावाचे विषारी द्रव्य असते आणि ते शिजवल्यानेही जात नाही. २०१० साली दिल्लीत दुधीचा कडू रस पिऊन एका व्यक्तीचा मृत्यू झाला, तेव्हा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली होती. समितीने हेच सांगितले की चव पाहिल्याशिवाय दुधीचा रस काढू नये, कडू लागला तर पिऊ नये, दुसऱ्या रसात मिसळूही नये, आणि प्यायल्यावर मळमळ, उलटी किंवा जुलाब सुरू झाले तर ताबडतोब रुग्णालय गाठावे. ‘औषध कडूच असते’ या समजुतीने लोक घोट घोट गिळत राहतात, तिथेच घात होतो.

आता या दिवसातला स्निग्धांश. रसाहाराच्या पुस्तकी पद्धतीत तेल-तूप वर्ज्य असते, पण मी दुपारच्या कढणात एक चमचा तूप किंवा तेलाची जिरे-फोडणी घालते आणि अकराच्या रसाबरोबर दहा-बारा भिजवलेले शेंगदाणे चावून खाते. गाजरातील कॅरोटीन आणि अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वे स्निग्ध पदार्थाच्या सोबतीनेच नीट शोषली जातात, त्यामुळे तेलाचा थेंबही न घेता ग्लासभर गाजराचा रस पिणे म्हणजे त्यातला मोठा वाटा वाया घालवणे होय. दुसरे कारण त्याहून महत्त्वाचे आहे. पित्ताशय आकुंचन पावते आणि पित्त आतड्यात सोडते, ते मुख्यतः आहारात स्निग्धांश आल्यावर. अनेक दिवस तो आलाच नाही तर पित्त साचून राहते, घट्ट होते, आणि त्यात वजनही झपाट्याने उतरत असेल तर पित्तखडे होण्याचा धोका वाढतो. सात-सात दिवसांच्या रसाहाराला माझा विरोध आहे, तो यासाठीच.

हात कापणे, दरदरून घाम येणे, छातीत धडधडणे किंवा उठताना अंधारी येणे, यांपैकी काहीही झाले तर उपवास तिथेच थांबवावा, आधी थोडे गूळपाणी आणि मग मऊ भात घ्यावा. हट्टाने संध्याकाळ गाठण्यात काहीही मिळवायचे नसते. सगळे सुरळीत झाले तर दुसऱ्या दिवशी सकाळी एखादे पपईसारखे फळ, दुपारी मुगाची पातळ खिचडी आणि रात्री नेहमीच्या निम्मे जेवण. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण साबुदाण्याच्या खिचडीवरून आणि तळलेल्या बटाट्याच्या किसावरून पडली असेल, पण रसाहारानंतरच्या संध्याकाळी मागवलेल्या भज्यांच्या ताटालाही ती तितकीच लागू पडते.

तेलाचा फेरविचार

चरबी वाईट, असे आपल्या पिढीच्या मनावर ठसले आहे. त्याची सुरुवात अमेरिकेत झाली. ॲन्सेल कीज या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९५८ साली सात देशांचा प्रसिद्ध अभ्यास सुरू केला आणि संपृक्त चरबी (तूप, लोणी, खोबरेल यांत भरपूर असणारी), रक्तातील कोलेस्टेरॉल व हृदयविकार यांचा संबंध दाखवला. कीज यांचा रोख संपृक्त चरबीवर होता, लोकांनी मात्र सरसकट सगळीच चरबी ताटातून काढली, आणि तिच्या जागी मैदा व साखर आली. पुढे अमेरिकेत सुमारे ४९ हजार स्त्रियांवर झालेल्या मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष २००६ साली आले, तेव्हा सुमारे आठ वर्षे एकूण चरबी कमी ठेवूनही हृदयविकारात लक्षणीय घट झाली नाही, असे दिसले. अमेरिकेच्या २०१५ ते २०२० या काळासाठीच्या आहारविषयक मार्गदर्शनातून अन्नातील कोलेस्टेरॉलची ३०० मिलिग्रॅमची मर्यादाही वगळण्यात आली.

याचा अर्थ तूप-लोणी हवे तितके खावे, असा मुळीच नाही, जरी बरेच लोक तो तसा लावतात. खरा प्रश्न असा की संपृक्त चरबी कमी केली तर तिच्या जागी काय आले. तिची जागा शेंगदाणे, करडई, जवस, मासे यांतील असंपृक्त चरबीने घेतली तर घातक एलडीएल कोलेस्टेरॉल उतरते आणि हृदयविकाराचा धोका कमी होतो. तीच जागा बिस्किटे आणि पावाने घेतली तर काही पदरात पडत नाही. मला वाटते, गेल्या पन्नास वर्षांच्या सगळ्या वादातून घरच्या बाईने किंवा बाप्याने उचलावी अशी गोष्ट हीच आहे.

प्रमाणाविषयी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत दोन हजार कॅलरींच्या आहारासाठी दिवसाला माणशी सुमारे २७ ग्रॅम तेल-तूप आणि त्याशिवाय ३५ ग्रॅम तेलबिया व सुका मेवा, असा हिशेब आहे. २७ ग्रॅम म्हणजे साधारण ३० मिलिलिटर, लहान चमच्याने सहा चमचे. चार मोठ्या माणसांच्या घरात महिन्याला तेल, तूप, लोणी सगळे मिळून साडेतीन लिटर झाले.

आता स्वतःच्या घरचा आकडा काढा. खोकल्याच्या औषधाच्या टोपणावर मिलिलिटरच्या खुणा असतात. त्या टोपणाने पाणी मोजून तुमची फोडणीची पळी भरा. माझी पळी २० मिलिलिटरची निघाली. सकाळच्या भाजीला दोन पळ्या, आमटीला एक, रात्रीच्या भाजीला दोन, कोशिंबिरीच्या वा चटणीच्या फोडणीला एक, आणि पोळ्यांना दोन, अशा आठ पळ्या म्हणजे १६० मिलिलिटर रोजचे होत होते. पाच लिटरचा डबा महिन्याला जेमतेम का पुरतो, ते मला त्या दिवशी कळले, आणि तूप तर अजून मोजलेच नव्हते. तेव्हापासून डबा फोडला की त्यावर स्केचपेनने तारीख घालते. घरात कोणाला उपदेश करावा लागत नाही, तारीखच बोलते.

कमी करताना चव जाऊ द्यायची नसेल तर जाड बुडाची कढई वापरावी, तेल नीट तापल्याशिवाय मोहरी टाकू नये, कांदा परतताना सुरुवातीलाच मीठ घालावे आणि तो बुडाला धरू लागला की तेलाऐवजी पाण्याचा हबका मारावा. भाजीत दाण्याचे कूट किंवा सुके खोबरे घालणार असाल तर फोडणीची एक पळी वजा करावी, कारण शेंगदाण्यात जवळपास निम्मे आणि सुक्या खोबऱ्यात निम्म्याहून जास्त तेलच असते. अळूवडी वाफवून, कापून, तव्यावर थोड्या तेलात परतावी.

कोणते तेल, याचे उत्तर गावागणिक बदलते आणि ते तसेच असावे. शेंगदाण्याच्या तेलात एकअसंपृक्त मेदाम्ले, म्हणजे असंपृक्त चरबीचा तापवल्यावर बऱ्यापैकी टिकणारा प्रकार, सुमारे निम्मी असतात आणि ते फोडणीला व थोड्याफार तळणाला चांगले टिकते. सोलापूर-मराठवाड्याची करडई बहुअसंपृक्त मेदाम्लांनी, म्हणजे तापवल्यावर लवकर बिघडणाऱ्या प्रकाराने, त्यातही ओमेगा-६ या मेदाम्लाने भरलेली असते. ती उत्तम, पण एकटी वापरू नये आणि तिच्यात तळण करू नये. म्हणून मी एक डबा शेंगदाण्याचा, पुढचा करडईचा किंवा तांदळाच्या कोंड्याचा, असा फेर ठेवते. लाकडी घाण्याच्या तेलाला वास आणि चव खरोखर छान असते, मात्र त्यातली मेदाम्ले आणि कॅलरी त्याच असतात. महाग आहे म्हणून जपून वापरले गेले तर तो त्याचा मोठा फायदा समजावा.

तूप आणि खोबरेल यांच्याबद्दल घराघरांत भांडणे होतात. तुपात साठ टक्क्यांहून जास्त आणि खोबरेल तेलात सुमारे नव्वद टक्के संपृक्त मेदाम्ले असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेप्रमाणे संपृक्त चरबी एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांच्या आत, म्हणजे दिवसाला सुमारे २२ ग्रॅमपर्यंत असावी. वरणभातावरच्या एका लहान चमचा तुपातून तीन ग्रॅम येतात, ते खुशाल घ्यावे. पण सहा टक्के स्निग्धांशाचे ३०० मिलिलिटर दूध घेतले तर त्यातूनच सुमारे ११ ग्रॅम येतात, हे कोणी धरत नाही. तुपाचा चमचा वाचवून सायीचे दूध दोन कप पिणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा. कोकणात ओला नारळ वाटणात असतोच, तर तिथे खोबरेलात वेगळी फोडणी नको.

ओमेगा-३, म्हणजे जवस आणि मासे यांतली असंपृक्त चरबी, ही आपल्या ताटातली खरी उणीव आहे आणि तिच्यावरचा उपाय फार स्वस्त आहे. विदर्भातली जवसाची चटणी रोज एक मोठा चमचा खावी. जवस अख्खे खाल्ले तर तसेच बाहेर पडते, म्हणून मंद आचेवर भाजून कुटावे, आठवड्यापुरतेच करावे आणि घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावे, कारण कुटलेले जवस लवकर खवट होते. मासे खाणाऱ्यांनी आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली घ्यावी आणि ती रवा लावून तळण्याऐवजी तिखल्यात किंवा हुमणात घालावी.

ज्याला मर्यादित प्रमाणातसुद्धा जागा नसावी, तो पदार्थ म्हणजे हायड्रोजन घालून घट्ट केलेले वनस्पती तूप. त्यातील ट्रान्स फॅट एलडीएल वाढवते आणि उपकारक एचडीएल घटवते. जानेवारी २०२२ पासून आपल्या देशात तेला-तुपात ट्रान्स फॅटची मर्यादा दोन टक्क्यांवर आणली गेली, ही मोठी गोष्ट झाली, तरी सुट्या खारी-टोस्ट-नानकटाईत काय वापरले आहे, हे आपल्याला कळत नाही. तळणाचे तेलही पुन्हा पुन्हा तापवले की बिघडते. दिवाळीच्या चकल्यांनंतर कढईत उरलेले तेल गाळून एक-दोन दिवसांत भाजीच्या फोडणीला संपवावे, त्यात पुन्हा तळू नये, आणि काळे पडलेले, फेस येणारे किंवा धूर सोडणारे तेल टाकून द्यावे.

या सगळ्याचा परिणाम रक्तात दिसायला वेळ लागतो. बदल सुरू करण्याआधी एकदा लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या कोलेस्टेरॉल व इतर चरबीची तपासणी, करून घ्यावी आणि पुढची तपासणी तीन महिन्यांनी, त्याच प्रयोगशाळेत करावी. रसाहाराच्या दुसऱ्याच दिवशी केलेली तपासणी नेहमीच्या खाण्याविषयी काही सांगत नाही. कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर अहवाल चांगला आला म्हणून ती आपल्या मनाने बंद करू नये. डॉक्टरांकडे जाताना अहवालाबरोबर तेलाच्या डब्यांच्या तीन तारखाही कागदावर लिहून न्याव्यात.